पंचमीनंतरचा शॉट

कोमलच्या डाव्या हाताची नखं कुरतडलेली असायची, उजव्या हाताची नाही. बोलताना तिचा उजवा हात आधी उडायचा, डावा त्याच्या मागून. राग आला की ती वेणीचं टोक दातात धरायची, आणि खोटं बोलताना मात्र समोरच्याच्या डोळ्यांत सरळ बघायची. तिच्या आईला तरी हे इतक्या बारकाईने माहीत होतं की नाही, कोण जाणे. मला माहीत असणं भाग होतं. तेच माझं काम होतं.

मी चित्रपटांसाठी कंटिन्युइटी बघते. या अंकासाठी कामाबद्दल लिहायचं ठरलं तेव्हा पहिली अडचण हीच आली, की या कामाला मराठीत काय म्हणायचं? सेटवर कुणीच काही म्हणत नाही. ‘ती कंटिन्युइटीवाली’ म्हणतात, आणि शूटिंग संपेपर्यंत बऱ्याच जणांना त्या कंटिन्युइटीवालीचं नाव माहीत नसतं.

काम सांगायला सोपं आहे. चित्रपट आपण बघतो त्या क्रमाने कधीच काढला जात नाही. नायक दार उघडतो तो सोमवारी चौसाळ्यात आणि त्याच दारातून आत येतो तो पुढच्या आठवड्यात पुण्यात. मधल्या दिवसांत तो जेवलेला असतो, झोपलेला असतो, बायकोशी भांडून आलेला असतो. पडद्यावर मात्र मध्ये पापणी लवण्याइतकाच वेळ गेलेला असतो. म्हणून कुणीतरी कॅमेऱ्याजवळ स्टुलावर बसून बघत राहावं लागतं. शर्टाचं वरचं बटण उघडं होतं का, पेल्यात पाणी कुठवर होतं, घाम कपाळावर होता की ओठावर. फोटो काढायचे, लिहून ठेवायचं, आणि पुढच्या वेळी कुणी चुकलं की सांगायचं. काम नीट झालं तर ते कुणालाच दिसत नाही. चुकलं तर अख्ख्या महाराष्ट्राला दिसतं.

या कामात मित्र जोडले जात नाहीत. एका चित्रपटात एका मोठ्या नटाने पट्टी दुसऱ्याच पायाला बांधून घेतली. मी सांगितलं तर म्हणाला, पाय माझा आहे, मला ठाऊक. मी फोटो पुढे केला. त्याने पट्टी बदलली, पण शेवटच्या दिवसापर्यंत माझ्याशी एक शब्द बोलला नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं नाही. मला गप्प राहायला आवडतं. बघायला त्याहून आवडतं. म्हणूनच हे काम मला मिळालं आणि टिकलं, असं मी समजत होते. कोमल येईपर्यंत.

तिच्याआधी पुस्तकाबद्दल सांगायला हवं.

मी बीडमधल्या इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलता यायचं, पण वाचताना जोडाक्षर आलं की मी ठेचकाळायची. आठवीत असताना आत्याने वाढदिवसाला एक किशोर कादंबरी दिली. तिची नायिका निमा. तालुक्याच्या गावातली नववीतली मुलगी, इतकी गप्प की हजेरी घेताना बाई तिचं नाव विसरत. शाळेतल्या खिचडीचा तांदूळ कुठेतरी मुरत असतो. निमाच्या शेजारी एक निवृत्त हवालदारीणबाई राहत असतात. या मुलीचा चेहरा कुणाच्या लक्षातच राहत नाही, हे त्यांच्या लक्षात येतं, आणि त्या तिला गुप्तहेर करतात. निमा धावत नाही, मारामारी करत नाही. ती उभी राहते, बघते आणि लक्षात ठेवते. पुस्तक वाचायला मला पहिल्या वेळी महिना लागला. दुसऱ्या वेळी मी एकाही जोडाक्षराला अडले नाही. तोपर्यंत पुस्तकांतल्या मुलींना वाड्या, टेकड्या आणि धाडसी भावंडं असायची. निमाला काहीच नव्हतं. ती माझीच होती.

त्या कादंबरीवर चित्रपट निघतोय आणि शूटिंग बीड जिल्ह्यातच आहे असं कळलं, तेव्हा मी दिग्दर्शक समीरसरांना स्वतः फोन केला. स्वतःहून मागून घेतलेलं माझं आजवरचं हे एकच काम.

पटकथा हातात आली आणि निमा गेली. तिची ‘बिजली’ झाली होती. आईबाप ऊसतोडीला गेल्यावर मुलं गावातल्या ज्या वसतिगृहात राहतात, तिथली ही मुलगी. तोंडाने फटाकडी, छपरावर चढणारी, अधीक्षकाला उलट बोलणारी. मी समीरसरांना विचारलं, निमाचं असं का केलं?

“पुस्तकातली मुलगी छान आहे गं,” ते म्हणाले, “पण ती काही करतच नाही. पडद्यावर दाखवू काय?”

“ती बघते,” मी म्हणाले. इतक्या हळू, की त्यांना ऐकू गेलं नाही. किंवा गेलंही असेल.

बिजली म्हणून निवडलेली मुलगी नांदूरघाटची. कोमल. आईबाप दरवर्षी ऊसतोडीला जाणारे, ती स्वतः वसतिगृहात राहिलेली, शाळेच्या गॅदरिंगखेरीज कुठे उभी न राहिलेली. सोबतीला तिची चुलती, द्वारकाकाकू. पहिल्याच दिवशी कोमल माझ्या स्टुलाजवळ आली.

“ताई, तुमी सारखं काय लिव्हायल्या?”

“तू डबा कुठल्या हाताने उचललास ते.”

“कावून?”

“उद्या पुढचा शॉट आहे. त्याच हाताने उचलावा लागेल.”

“आन् दुसऱ्या हातानं उचलला तर? डबा रुसतो व्हय?”

लाइटवाले हसले, समीरसर हसले. द्वारकाकाकूंनी मला न्याहाळलं. “तुमी कुठल्या, माय?”

“बीडची.”

“बीडच्या? मग अशा पुण्यावानी कावून बोलता?”

“काकू, त्या इंग्लिश साळंच्या हायेत,” कोमलने माझ्या वतीने सांगितलं, ‘त्यांना साखरेचा त्रास हाय’ अशा सुरात.

मला तिचा हेवा वाटायचा. हा शब्द सौम्य आहे, पण चांगल्या अंकात यापेक्षा जास्त लिहू नये. ती संवाद बदलून बोलायची आणि बदललेला संवाद लिहिलेल्यापेक्षा सरस असायचा. बिजली म्हणते, ‘मला भीती वाटत नाही,’ असं कागदावर होतं. कोमल म्हणाली, “भ्यायला सवड कुटं हाय?” समीरसरांनी आनंदाने टाळी वाजवली. ती भाषा मलाही येते. माझ्या आजोळची आहे, माझी आई चिडली की आजही तीच बोलते. पण माझ्या तोंडातून ती निघाली की नक्कल वाटते, आणि प्रमाण मराठी बोलले की बातम्या. कोमलला मात्र तोंड उघडण्याआधी कधी विचार करावा लागला नाही.

ती नकला करायची. समीरसरांची, मेकअपच्या बाळूदादांची, कॅमेरामनच्या लंगड्या चालीची. जेवणाच्या सुट्टीत सगळे तिच्याभोवती गोळा व्हायचे. माझी नक्कल तिने कधी केली नाही. मी दुरून डबा खात बघायची आणि मला वाटायचं, नक्कल करण्यासारखंही माझ्यात काही नसावं.

या कामात विचित्र गिऱ्हाइकं भेटतात, त्यातलं एक तिथेच भेटलं. तांदूळ जिथे दडवलेला असतो ते गोडाऊन आम्हाला चौसाळ्याच्या एका पुढाऱ्याने दिलं होतं. सगळे त्यांना अण्णा म्हणत. गोडाऊन द्यायची अट एकच, चित्रपटातला सरपंच ते स्वतः होणार. पहिल्या दिवशी त्यांनी खरोखर झकास काम केलं. दुसऱ्या दिवशी त्याच प्रसंगाचा उरलेला भाग होता. गाडीतून उतरले ते केस आणि मिशा काळ्याभोर करून. आदल्या दिवशी अर्धं डोकं पांढरं होतं.

मला ते सांगावंच लागलं.

“म्याडम, लई बारीक बगता बुवा तुमी,” अण्णा म्हणाले. “मानूस जवान झाला तर पब्लिकला आवडंलच की!”

“पण अण्णा, दोन वाक्यांच्या मधेच जवान होताय तुम्ही.”

अण्णा माझ्याकडे बघत राहिले आणि मग पोट धरून हसले. त्यांच्या डोक्यावर पटका बांधला, मिशांवर बाळूदादांनी पांढरा हात फिरवला आणि काम निभावलं. त्या दिवशी कोमल मला म्हणाली, “ताई, तुमाला बी बोलाया येतंय की!” तिने कौतुकच केलं होतं. मला मात्र ते दिवसभर टोचत राहिलं.

मग पंचमी आली.

गोडाऊनमधला मोठा प्रसंग अर्धा झाला होता. बिजली छपराच्या झरोक्यातून आत उतरते, पोत्याची शिवण उसवते, मूठभर तांदूळ हातात घेऊन बघते, आणि पाठीमागे पावलं वाजतात. ती वळते. इथवरचं चित्रण झालेलं. वळल्यावर समोर अधीक्षक उभा आणि पुढची दोन पानं ती हातवारे करकरून थापा मारते, एवढं बाकी. इतक्यात सण आला. गावातली सगळी माणसं सुट्टी मागायला लागली. कोमललाही घरी जायचं होतं. पंचमीला झोके असतात, फुगड्या असतात, लेकी माहेरी येतात. मी तिला बसवून बजावलं, अंगात काहीही बदल करायचा नाही. केस नाही, नखं नाही, भुवया नाही, नाकात-कानात नवं काही नाही.

“बांगड्या?”

“नव्या नाहीत.”

“बरं,” ती म्हणाली. शब्दाची पक्की होती ती.

परत आली ती जीपमधून हात पुढे करूनच उतरली. “ताई, बगा की! कशी रंगली!”

कोपरापर्यंत मेंदी. बोटांची टोकं तर जांभळी म्हणावीत इतकी गडद. तळहातावर मोर.

“कोमल, मी काय सांगितलं होतं?”

“केस न्हाई कापले. नखं बी न्हाई काडली, हे बगा. भुवया तशाच. नवं कायबी घातलं न्हाई.”

“आणि हे?”

“ही तर मेंदी हाय,” ती म्हणाली. तिला खरंच कळेना, मी काय विचारतेय.

“पंचमीला पोरीचे हात पांढरे ठेवायचे व्हय?” द्वारकाकाकू मागून म्हणाल्या. “घरात सुतक हाय का?”

खरं होतं त्यांचं. त्या गावात त्या दिवशी कोरे हात हाच बदल ठरला असता. मेंदी म्हणजे श्रावणात शेत हिरवं होतं तसं. त्याला कुणी बदल म्हणतं का?

बाळूदादांनी लिंबू चोळलं. “लिंबानं तर आनखी रंगती, बाप्पा!” काकूंनी कपाळाला हात लावला. मग बाळूदादांनी हातांवर मेकअपचा थर दिला. हात कणकेतून काढल्यासारखे दिसायला लागले आणि कोमलने मूठ मिटली की थराला भेगा पडायच्या. कुणी म्हणालं हातमोजे घाला. नववीतली पोर, चौसाळा, श्रावण, आणि हातमोजे! थांबायचं म्हटलं तर अण्णांचं गोडाऊन मूग यायच्या आत मोकळं करून द्यायचं होतं.

निर्मात्यांच्या बाजूने सेटवर नीलिमामॅडम असत. त्या पहिल्यापासून कोमलवर नाखूश होत्या. ती ठरलेल्या जागी उभी राहत नाही, लिहिलेलं बोलत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, “समीर, पुण्यातली ती दुसरी मुलगी अजून मोकळी आहे. आत्ता बदललं तर झालंय तेवढंच वाया जाईल. ही पुढे आणखी काय काय करून येईल, सांगता येत नाही.”

गोडाऊनमध्ये आवाज घुमतो. पोत्यांच्या थप्पीवर बसलेल्या कोमलने ते ऐकलं. तिने वेणीचं टोक तोंडात धरलं नाही. तिने हात ओढणीत गुंडाळले आणि मांडीवर ठेवले.

काकू माझ्याजवळ आल्या. का माझ्याचजवळ, कोण जाणे. मी बीडची म्हणून असेल. “पिक्चर गेला म्हंजे औंदा हिला संगं घेऊन जातेत, माय,” त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. “धाकटं लेकरू झालंय. आई ऊस तोडंल का त्याला सांबाळंल? पिक्चरचं हाय म्हनून ही हितं साळंत राहनार होती. न्हाईतर कशाची नववी न् कशाची दहावी!”

हे ऐकून माझी जळजळ निघून गेली असती तर बरं झालं असतं. ती गेली नाही. तिच्या शेजारी आणखी काहीतरी येऊन बसलं, इतकंच.

समीरसर माझ्याकडे वळले. “तू सांग. जुळवता येईल का कसंही?”

आमच्या कामात हा एकच प्रश्न खरा असतो. त्या दिवशी पहिल्यांदाच सगळ्या सेटने माझ्या उत्तराची वाट बघितली. मी फोटो पुन्हा पाहिले. आधीच्या शॉटमध्ये दोन्ही हात कोपरापर्यंत उघडे, कोरे, प्रकाशात.

“नाही,” मी म्हणाले. “हात दिसले की जुळणार नाही.”

नीलिमामॅडमनी फोन हातात घेतला.

माझं काम तिथे संपत होतं. पुढे बोलले ते कोमलसाठी बोलले, असं नंतर लोकांनी धरलं. मी तो समज खोडून काढला नाही. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात कोमल नव्हती. माझ्यासमोर पुस्तकातलं पान होतं. हाच प्रसंग, असंच गोडाऊन, आणि निमा. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिला आत यायला फट दिसत होती, आणि मला ती हवी होती.

“सर, पुस्तकात ती इथे बोलतच नाही,” मी म्हणाले.

“म्हणजे?”

“तिच्या मुठीत तांदूळ आहे ना? पावलं वाजली की पहिली गोष्ट ती करेल ती म्हणजे मूठ लपवणं. वळेपर्यंत हात मागे गेलेले असतील. मग ते पुढे येऊच शकत नाहीत. आले तर तांदूळ दिसेल. तो विचारत राहतो, आणि ती नुसती उभी राहते. शेवटी एकदाच ‘नाही सर’ म्हणते. त्याला ते खरं वाटतं, कारण अशा मुलींबद्दल कुणाला काही वाटतच नाही.”

एवढं सलग मी सेटवर कधी बोलले नव्हते.

समीरसरांनी पटकथेची ती दोन पानं मिटली. “कशी उभी राहते? दाखव.”

मी कॅमेऱ्यामागची बाई. दिव्यांच्या उजेडात पहिल्यांदाच जाऊन उभी राहिले. पण उभं कसं राहायचं ते मला शिकावं लागणार नव्हतं. शाळेत प्रार्थनेला आम्हाला हात मागे घेऊन उभं करत. एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरायचं, खांदे किंचित पुढे, हनुवटी खाली, डोळे मात्र वर. शाळा सुटली, ते उभं राहणं सुटलं नाही. बँकेत, लग्नात, डॉक्टरांकडे मी अशीच उभी असते. तशीच उभी राहिले.

कोमल थप्पीवरून उतरली. माझ्याभोवती एक फेरी मारली, पाठीमागून बघितलं, बाजूने बघितलं. मी लोकांना जसं बघते तसं. मला तोवर कुणी तसं बघितलं नव्हतं.

“बरं,” ती म्हणाली आणि माझ्या जागी गेली.

पहिल्या वेळी तिने माझी नक्कल केली. खांदे जरा जास्त पुढे, मान जरा जास्त खाली, आणि माझी ती सवय, मलाही माहीत नसलेली, खालचा ओठ आत घेण्याची. गोडाऊनभर हशा पिकला. वरून लाइटवाला ओरडला, “आरं, ही तर आपली कंटिन्युइटीवाली!” नक्कल व्हावी असं मला वाटत होतं ना? झाली.

कोमल हसली नाही. “सर, परत एकदा,” म्हणाली.

दुसऱ्या वेळी कुणीच हसलं नाही. ती वळली आणि हात आपोआप मागे गेले. अधीक्षक झालेला नट गरजत होता, जवळ येत होता, आणि ती नुसती बघत होती. दहा माणसांचं बोलणारी ती पोरगी एखाद्या पोत्यासारखी, भिंतीसारखी होऊन गेली, कुणाचं लक्ष जाऊ नये अशी. तिच्या मागे मुठीतून तांदळाचे दाणे ताडपत्रीवर पडत होते. टप्. टप्. ते कुणी सांगितलं नव्हतं. हात बांधल्यामुळे तिचं सगळं बोलणं डोळ्यांत गेलं होतं. “नाही सर,” ती म्हणाली, तेही तिच्या बोलीत नाही. माझ्या आवाजात, माझ्या त्या पुण्यावानी मराठीत.

निमा समोर उभी होती. आठवीपासून मी जिला जपलं ती. ती आली, आणि माझ्या उभं राहण्यासकट, माझ्या ओठासकट दुसरीकडे राहायला गेली. माझ्यापेक्षा कोमल चांगली ‘मी’ झाली होती. तो शॉट बघताना मी मनातल्या मनात एकच गोष्ट म्हणत होते, हे माझं आहे. आणि हातांनी लिहीत होते, डावी वेणी पुढे, ओढणी उजव्या खांद्यावर.

नीलिमामॅडमनी फोन पर्समध्ये टाकला. समीरसरांनी उरलेली सगळी पटकथा त्या शॉटच्या अंगाने बदलली. बिजली बोलायची तशी बोलत राहिली, पण अधीक्षकासमोर ती गप्प व्हायची. नंतर सगळे म्हणाले, चित्रपट तिथे सापडला.

शॉट झाल्यावर कोमल खांदे चोळत माझ्याकडे आली.

“ताई, असं उभं राहिलं का लई जड जातं. तुमी रोज असंच राहता?”

“हो.”

“दुखत न्हाई का?”

मी काहीतरी उत्तर दिलं असेल. लिहून ठेवलेलं नाही.

दसऱ्यानंतर तिचे आईवडील ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेले, ती राहिली. बीडमध्ये एका मुलींच्या वसतिगृहात तिची सोय झाली, शाळेतही जाऊ लागली. चित्रपट लागला तेव्हा नांदूरघाटाहून टेंपो भरून माणसं आली होती. प्रदर्शनाच्या आधी एका वाहिनीवर तिची मुलाखत झाली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं, “गोडाऊनच्या प्रसंगातला तो संयम तुला कसा जमला?” कोमल डोळ्यांत डोळे घालून म्हणाली, “ते आपोआप आलं.” मी टीव्ही बंद केला. मग पुन्हा लावला, आणखी काही बोलते का बघायला. नाही बोलली.

बीडच्या थिएटरात मी आईबरोबर गेले. आमच्यासारख्यांना चित्रपट नीट बघताच येत नाही. लोक गोष्ट बघतात, आम्ही पेल्यातलं पाणी बघतो. अण्णांच्या मिशा एका ठिकाणी बदलल्याच होत्या. गोडाऊनचा प्रसंग यायला लागला तशी मी पुढे सरकून बसले. वळताना क्षणभर तिचं उजवं कोपर प्रकाशात येतं, तिथे मेंदीचं टोक दिसण्याची शक्यता होती. सेटवरच्या छोट्या पडद्यावर ते कळलं नव्हतं. मला ते बघायचं होतं. का बघायचं होतं, ते मी स्वतःला विचारलं नाही.

ती वळली. दाणे पडायला लागले. आईने माझं मनगट धरलं आणि कुजबुजली, “किती बोलते गं ही पोरगी, न बोलता!” गेली कितीतरी वर्षं मी त्याच घरात, तिच्याच समोर, न बोलता आहे. आईने असं कधी म्हटलं नव्हतं. मी आईकडे बघितलं, मग पडद्याकडे, कोमलच्या डोळ्यांकडे, आणि तिथेच राहिले. “नाही सर” आलं, प्रसंग संपला, शिट्ट्या सुरू झाल्या. आणि माझ्या लक्षात आलं, की मी हाताकडे बघितलंच नाही.

बाहेर माणसांची झुंबड होती. कोमल गर्दीतून वाट काढत माझ्यापर्यंत आली. नवा ड्रेस, केस मोकळे, हात कोरे. तिने माझा हात धरून मला बाजूला ओढलं.

“ताई, खरं सांगा. मेंदी दिसली का?”

तिच्या डोळ्यांत भीती होती. एवढ्या शिट्ट्या, एवढी माणसं, आणि ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

“नाही,” मी म्हणाले.

“तुमी म्हनल्या म्हंजे न्हाईच दिसली,” ती म्हणाली, आणि पळाली परत, तिच्या टेंपोच्या माणसांत.

कामाच्या आयुष्यात न बघता दिलेलं माझं हे एकच उत्तर. आता तो चित्रपट मोबाइलवर आलाय. कधीही उघडावा, बोटाने सरकवत त्या वळणापर्यंत न्यावा, थांबवावा. माझ्यासाठी क्षणभराचं काम आहे. एकदा नेलाही होता तिथवर. मग बंद केला. मेंदी दिसत असेल, तर मला आनंद होईल. म्हणून बघत नाही.